फाइल नंबर ४१७ कोणाकडे आहे

१ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ५.०५
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण उद्या प्रश्न निघेल की रेकॉर्ड रूममध्ये सतरा वर्षं फाइली लावणारा माणूस बेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअर इंजिनियर झाला तरी कसा. तेव्हा हाताशी कागद हवा.

कोर्सचं नाव कन्व्हर्जन मास्टर्स. म्हणजे इतिहास, संगीत, काहीही शिकलेला माणूस घ्यायचा आणि दीड वर्षात त्याचा सॉफ्टवेअरवाला करून द्यायचा. माझा इतिहास. अट एकच. पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंगला शंभरपैकी चाळीस मार्क मिळायला हवेत, नाहीतर प्रवेश रद्द आणि मी परत रेकॉर्ड रूममध्ये. साहेबांनी दीड वर्षाची रजा दिलीय आणि माझी खुर्ची तशीच ठेवलीय. मी म्हटलं, खुशाल द्या कोणालाही. ते म्हणाले, राहू दे, असू दे.

चाळीस म्हणजे काय हो. माझं लक्ष्य पंच्याऐंशी.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज तीन तास सराव. चिडचिड बंद.

५.५०
डोळा लागला होता. पहिलाच दिवस आहे.

३ ऑगस्ट
लॅपटॉप टेबलावर फार खाली येतो, मान अवघडते. माळ्यावर चढलो. कापडात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा मिळाला. सासऱ्यांची जुनी वर्तमानपत्रं, दुसरं काय असणार. ते टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले ते ढीगभर रद्दी घेऊनच. लॅपटॉप गठ्ठ्यावर ठेवला, बरोबर डोळ्यांसमोर आला.

सासरे म्हणाले, जावईबापू, माझी वर्तमानपत्रं माझ्या कॉटखाली आहेत, हे माझं नव्हे. वयोमानाने विसरायला होतं. मी वाद घातला नाही.

८ ऑगस्ट, सोमवार
पहिला वर्ग. एकतीस जण, त्यांत मीच वडीलधारा. शेजारी एक दातांची डॉक्टर बसते. आठ वर्षं दवाखाना चालवला, आता लोकांच्या तोंडात बघायचा कंटाळा आला म्हणे. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. त्यांनी सांगितलं की दोन ओळी लिहा, चालवून बघा, चुकलं तर सुधारा, मग पुढच्या दोन ओळी.

मी गालातल्या गालात हसलो. अर्धवट कागद साहेबांपुढे ठेवायचा नाही, हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. आधी कच्चा खर्डा, मग दुरुस्ती, मग पक्की प्रत, मग सही, आणि मगच कागद वर जातो. सतरा वर्षांत माझा एक कागद परत आलेला नाही. कॉम्प्युटर म्हणजे शेवटी एक साहेबच. त्याच्यापुढे दोन-दोन ओळी घेऊन कोण नाचणार.

१९ ऑगस्ट
पहिला प्रोग्रॅम वहीत लिहून पूर्ण. शहाण्णव ओळी. पक्की प्रत निळ्या शाईत, समास सोडून, पानांना नंबर, खाली सही. लॅपटॉपला अजून हात लावलेला नाही. घाई नको.

डॉक्टरबाईंनी आत्तापर्यंत चाळीसेक प्रोग्रॅम चालवले आणि त्यांतले बहुतेक चुकले, असं त्या स्वतःच हसत सांगत होत्या. वाईट वाटलं बिचारीचं. मी अजून एकदाही चुकलेलो नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी १०
आज गृहपाठ द्यायचा. प्रोग्रॅम टाइप केला. आता चालवतो. हिला मुद्दाम दुकानात उशिरा जायला सांगितलंय. ही चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. असा क्षण घरच्यांनी बघायला हवा.

१०.०४
एकशे त्रेचाळीस चुका. ओळी शहाण्णव. चुका ओळींपेक्षा जास्त कशा असू शकतात? लॅपटॉपमध्येच बिघाड असणार.

ही म्हणाली, अहो, मी निघू का?

दुपारी ४
लॅपटॉप ठीक आहे म्हणे. हरकत नाही. ऑडिटवाले आमच्या ऑफिसातही आक्षेप काढायचे, दरवर्षी. कोणी घाबरायचं नाही. प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद लेखी उत्तर द्यायचं, की प्रकरण बंद. बसून एकशे त्रेचाळीस उत्तरं लिहिली. उदाहरणार्थ, ओळ १२: ‘हे नाव आधी कुठे सांगितलेलं नाही’ हा आक्षेप मान्य नाही, कारण ते नाव मला माहीत आहे. ओळ ३१: एक कंस कमी आहे हे खरं, परंतु त्यामुळे अर्थाला बाधा येत नाही. वर एक पत्र जोडलं. एकूण अकरा पानं.

बघू आता काय म्हणतात ते.

९ सप्टेंबर
वीसपैकी तीन.

मॅडमनी लिहिलंय की उत्तरं फार वाचनीय आहेत, पण कॉम्प्युटर ती वाचत नाही. हा कॉम्प्युटरचा दोष झाला. तीन मार्क कशाचे ते मी विचारलं नाही. दिलेत ते काढून घ्यायचे नाहीतर.

हिशोब: गृहपाठ दोन, वीस-वीस मार्कांचे. प्रोजेक्ट साठचा. अजून त्र्याऐंशी होऊ शकतात.

१४ सप्टेंबर. सकाळी ७.३०
पाचला उठण्याचा संकल्प सहावर आणला आहे. उद्यापासून.

२३ सप्टेंबर
प्रोजेक्टचा विषय ठरला. माझी रेकॉर्ड रूम! फाइलचा नंबर टाकायचा, की फाइल कोण घेऊन गेलं, कधी, कशासाठी आणि परत केली का, सगळं पडद्यावर. मॅडमना विषय फार आवडला. साहेबांकडून फाइली बाहेर दिल्याच्या जुन्या नोंदवह्या आणल्या, चौदा. रद्दीतच निघणार होत्या.

या विषयामागे एक कारण आहे. इथे लिहायला हरकत नाही.

फाइल नंबर ४१७. नदीवरच्या जुन्या पुलाचे मूळ नकाशे. अकरा वर्षांपूर्वी गायब झाली. वरच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्याने नेली आणि हरवली. हे मला लख्ख आठवतंय. त्याने साफ नाकारलं. साहेब म्हणाले होते की वही बघून सांग. मी म्हटलं, साहेब, वही कशाला, मी आहे ना. रेकॉर्ड रूम माझ्या डोक्यात आहे. साहेबांनी माझा शब्द मानला आणि नकाशेवाल्याला लेखी समज दिली.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. त्याआधी सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. माणूस एकदा कबूल करता तर काय बिघडलं असतं? राग हरवल्याचा नाही, खोटं बोलल्याचा आहे. आता मशीनच सांगेल. मशीनवर तर कोणी पक्षपाताचा आरोप करणार नाही.

३० सप्टेंबर
दोन हजार तीनशे नोंदी टाइप करायच्या आहेत. सासरे म्हणाले, मला द्या की थोड्या, दिवस जात नाही. सहा ते दहा नंबरच्या वह्या त्यांना दिल्या. एका बोटाने टाइप करतात, पण अक्षर न् अक्षर ताडून बघतात. दर पानाला एक चहा, असा करार झाला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
दुसरा गृहपाठ: वीसपैकी सहा.

दुप्पट! प्रगती स्पष्ट आहे. या वेगाने पुढचा गृहपाठ असता तर बारा झाले असते.

पुढचा गृहपाठ नाही. आता एकूण नऊ. प्रोजेक्टला साठपैकी एकतीस हवेतच. हिला नीट समजावून सांगितलं की नऊ हा आकडा फसवा आहे. ती म्हणाली, तुमची लांबची नजर छान आहे हो, जवळचंच दिसत नाही. हिच्या धंद्यातले विनोद.

१५ ऑक्टोबर
खरं लिहायचं तर आज घाबरलो. ऑफिसच्या रस्त्याने उगीचच चक्कर मारली. खिडकीतून माझी खुर्ची दिसली. तिच्यावर कोणीतरी छत्री वाळत घातली होती.

१७ ऑक्टोबर, सोमवार
कँटीनमध्ये डॉक्टरबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या, आम्हाला पहिलं वर्षभर प्लास्टरचे दात कोरायला देतात, ते चुकण्यासाठीच असतात, आणि तुम्ही काका, पहिलाच दात थेट पेशंटच्या तोंडात कोरायला निघालात. वही बंद करा आणि माझ्यासमोर दोन ओळी चालवा.

काका! असो.

केवळ त्यांचं मन राखायला दोन ओळी टाइप केल्या. दोन आणि तीनची बेरीज. चालवली. चुकली. एक कंस घातला. पुन्हा चालवली.

पडद्यावर ५ आला.

पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा ५. अकरा वेळा चालवलं. घरी येऊन हिला दाखवलं, सासऱ्यांना दाखवलं. सासरे म्हणाले, पाचच असतात की हो. त्यांना काय कळणार. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनकडे फार वेळ बघितलं की येतं.

२६ ऑक्टोबर
आज अठ्ठ्याऐंशी वेळा चुकलो. मोजून. दोन ओळी लिहायच्या, चालवायच्या, शिव्या खायच्या, सुधारायच्या. कॉम्प्युटरसाहेब शिव्या देतो पण मनात ठेवत नाही, हे एक बरं आहे. दुसऱ्या क्षणी पुन्हा तयार. असे साहेब ऑफिसात का नसतात?

ही पद्धत मुळात मलाच सुचली होती, फक्त सांगायचं राहून गेलं.

५ नोव्हेंबर
प्रोग्रॅम फाइल शोधू लागला. नंबर टाकला की नाव येतं. पहिल्या तीन वह्यांतल्या सगळ्या नोंदी तपासल्या, एकही चूक नाही. मॅडम बघून म्हणाल्या की अरे वा. ‘अरे वा’ म्हणजे माझ्या अंदाजाने पन्नासच्या आसपास.

११ नोव्हेंबर
सासऱ्यांचं काहीतरी बिनसलंय. दुपारी नऊ नंबरची वही टाइप करता करता एकदम थांबले. वही डोळ्यांजवळ नेली. मग माझ्या टेबलाशी आले, लॅपटॉपखालच्या गठ्ठ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि हसायला लागले. ठसका लागेपर्यंत. हिने पाणी दिलं.

मग म्हणाले, जावईबापू, नऊ नंबरच्या वहीचं पान एकसष्ट तुम्ही एकदा स्वतः बघून घ्या. मी म्हटलं, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तर म्हणाले, माझ्यावर आहे हो, पण तरी बघा. मी बघितलं नाही. वडीलधाऱ्याने केलेलं काम पुन्हा तपासणं बरं दिसत नाही. रात्रीच्या जेवणात मात्र दोघं बापलेक एकमेकांकडे बघून हसत होते. वयाचं मी समजू शकतो. हिला काय झालंय?

२२ नोव्हेंबर
प्रोजेक्ट सगळ्यांसमोर दाखवायचा आहे, ९ डिसेंबरला. पाहुणे बोलावले तरी चालतात. साहेबांना बोलावलं. त्यांच्यामार्फत नकाशेवाल्यालाही. साहेबांनी दोनदा विचारलं की त्याला कशाला. म्हटलं, सत्याला साक्षीदार हवेत.

सासरे म्हणाले, पाहुणे नका बोलावू. ही म्हणाली, बोलवा बोलवा.

१ डिसेंबर
मॅडमनी बजावलंय की दाखवण्याआधी प्रत्येक नंबर टाकून बघा. सगळे टाकून बघितले. फक्त ४१७ सोडून. तो त्या दिवशीच उघडायचा, साहेबांपुढे. लग्नाआधी अंतरपाट कोणी बाजूला करतं का?

भाषण पाठ झालंय. नकाशेवाल्याला सर्वांसमोर माफ करायचं ठरवलं आहे. शेवटी आपण मन मोठं ठेवावं.

९ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी १
इस्त्रीचा शर्ट. प्रोग्रॅम तीनदा चालवला, ठणठणीत. हिने आज सुट्टी घेतलीय. सासरे दाढी करून तासभर आधीच तयार. किती अभिमान आहे त्यांना माझा.

संध्याकाळी ७
आज काही लिहायचं नाही.

१० डिसेंबर, शनिवार
लिहितो. कागदावर सगळं असलं पाहिजे, हे मीच सतरा वर्षं लोकांना सांगत आलोय.

मॅडम आणि बाहेरचे एक परीक्षक पुढे बसले होते. त्यांनी १२ नंबर मागितला. बरोबर. ८८. बरोबर. १३०५. बरोबर, तारखेसकट. परीक्षकांनी मान डोलावली. मग मी म्हटलं की आता एक खास नंबर, अकरा वर्षांचा प्रश्न सुटणार आहे. साहेब पुढे सरसावले. नकाशेवाला मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. केस पांढरे झालेत त्याचे. ४१७ टाकला.

पडद्यावर आलं ते असं. फाइल ४१७. नेणारा: माझं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कारण: घरी नवीन कापड बांधण्यासाठी. परत केल्याची तारीख: नाही.

सासऱ्यांना ठसका लागला.

मी म्हटलं, प्रोग्रॅम चुकला आहे.

मॅडमनी पेन उचललं आणि शांतपणे विचारलं, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम चुकीची उत्तरं देतो, असं लिहू का?

प्रोग्रॅम चुकीचा म्हटलं की मी नापास, आणि परत त्याच खुर्चीत. बरोबर म्हटलं की अकरा वर्षं मी चुकीचा, तेही साहेबांसमोर, नकाशेवाल्यासमोर, बायकोसमोर. तेवढ्यात डोळ्यांपुढे ते कापड आलं. निळं, काठाला पांढरी रेघ असलेलं. हिच्या जुन्या पडद्याचं. रविवारी घरी बसून मीच बांधलं होतं, सुतळीला दोन गाठी मारून. आणि गेले चार महिने रोज त्याच्यावर लॅपटॉप ठेवून मी नकाशेवाल्याला पकडायची तयारी करत होतो!

मी म्हटलं, नाही मॅडम, प्रोग्रॅम बरोबर आहे. चूक माझी आहे. सतरा वर्षांत एवढं लहान वाक्य कधी बोललो नव्हतो. भाषण खिशातच राहिलं.

बाहेर आल्यावर नकाशेवाल्यासमोर उभा राहिलो. त्याने फक्त विचारलं की फाइल कोरडी आहे ना.

घरी येऊन सासऱ्यांना जाब विचारला की माहीत होतं तर सांगितलं का नाही. म्हणाले, सांगितलं की, पान एकसष्ट. हिला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या नाकासमोर होतं हो, म्हटलं कधीतरी दिसेल.

१२ डिसेंबर, सोमवार
फाइल घेऊन गेलो. वरच्या मजल्यावर, अकरा वर्षांनी. म्हटलं, चुकलो रे, माफ कर. त्याने गाठी सोडल्या, एकेक नकाशा उलगडून बघितला. म्हणाला, हे मिळाले नाहीत म्हणून अख्खा पूल पुन्हा मोजून नवे नकाशे काढावे लागले, मीच काढले, आठ महिने लागले, अर्धा पावसाळा गुडघाभर पाण्यात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याने घड्याळ बघितलं, ड्रॉवरमधून डबा काढला, उघडला आणि टेबलाच्या मध्यावर सरकवला. झाकणात माझ्यासाठी वाढलं. आम्ही जेवलो. भाजीत मीठ जास्त होतं, पूर्वीसारखंच. मी सांगितलं नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार
प्रोजेक्ट: साठपैकी बत्तीस. एकूण एक्केचाळीस. पास!

मॅडमचा शेरा: प्रोग्रॅम करणाऱ्याची इच्छा नसतानाही प्रोग्रॅमने खरं उत्तर दिलं, हे विशेष. अठ्ठावीस मार्क कापले, कारण एक नंबर तपासायचा ठेवला. डॉक्टरबाईंना अठ्ठ्याहत्तर. त्यांनी माझ्याकडून चहा वसूल केला.

साहेबांचा फोन आला. प्रोग्रॅम रेकॉर्ड रूममध्ये बसवून द्या म्हणाले, फार उपयोगी आहे, कॉम्प्युटर क्षणात फाइल सांगतो, आता तिथे वेगळा माणूस लागणारच नाही. मी आनंदाने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो माणूस मीच. खुर्ची मीटिंग रूममध्ये हलवलीय म्हणे. आता दुसऱ्या सत्रात नापास होऊन चालणार नाही.

संकल्प: सातला उठणे. प्रत्येक नंबर तपासणे. पंच्याऐंशी.

रात्री ८
गठ्ठा गेल्यापासून लॅपटॉप पुन्हा खाली गेलाय आणि मान अवघडलीय. सासऱ्यांकडे त्यांची वर्तमानपत्रं मागितली. त्यांनी कॉटखालून गठ्ठा ओढून काढला, पण हातात देईनात. आधी एक कोरी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि माझ्यापुढे धरली. वस्तू: वर्तमानपत्रं, एक गठ्ठा. नेणारा: जावईबापू. कारण: मान.

सही केली. परत करण्याची तारीखही आत्ताच लिहा म्हणाले.